कुठलाही एलईडी चालत नाही

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्या गप्पांत एलडीआरचा, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणाऱ्या घटकाचा, विषय निघाला, की कोणीतरी अनुभवी माणूस हमखास ऐकवतो : ‘रंगाबिंगाचं काही नसतं हो. उजेड पडला की रोध उतरतो. हाताला येईल तो एलईडी लावा.’ एवढ्यावर थांबलं तर एक वेळ सोडून देता येईल. पण मग पुरावे येतात. आम्ही स्वतः लावून बघितलं, लाल एलईडीनं हिरव्यापेक्षा जास्त रोध उतरला. लाल लेझरचा चोर-अलार्म शाळेशाळेतून वाजतोच आहे. जुन्या ऑप्टोकप्लरमध्ये, म्हणजे एलईडी आणि एलडीआर एकत्र बंद केलेल्या डबीत, कारखानेसुद्धा लालच एलईडी घालत. आणि शेवटी, एलडीआर हा मुळातच इतका ढोबळ घटक की त्याच्याशी रंग जुळवण्याचा काथ्याकूट कशाला? चारही मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात. त्यातल्या तीन मुद्द्यांचा रंगाशी संबंधच नाही, आणि चौथ्यात अर्धं तथ्य आहे.

आधी एलडीआरला काय दिसतं ते पाहू. बाजारात पाच-दहा रुपयांत मिळणारा एलडीआर म्हणजे सिरॅमिकच्या चकतीवर कॅडमिअम सल्फाइडचा थर, त्यावर दोन्ही बाजूंनी आलेली धातूची बोटं, आणि त्या बोटांच्या मधून दिसणारी नागमोडी रेघ. प्रकाशाचा कण या रेघेवर आपटून इलेक्ट्रॉन मोकळा करतो, तेव्हा रोध घटतो. मात्र इलेक्ट्रॉन सुटायला एक किमान ऊर्जा लागते. शुद्ध कॅडमिअम सल्फाइडसाठी ती सुमारे २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. तरंगलांबीत मोजायचं तर १२४० ला या आकड्यानं भागा, उत्तर येतं ५१२ नॅनोमीटर, म्हणजे हिरव्याचा निळ्याकडचा काठ. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशकणाजवळ १.९७ आहेत, ९४० च्या अवरक्त कणाजवळ १.३२. शुद्ध स्फटिकापुढे लाल एलईडी धरला, तर कायद्यानं काहीच घडायला नको.

घडतं, कारण बाजारातला एलडीआर शुद्ध नसतो. त्यात मुद्दाम तांब्याचा, क्लोरीनचा अंश घालतात, काही प्रकारांत सेलेनाइडही मिसळतात. त्यामुळे मधल्या पायऱ्या तयार होतात आणि कमी ऊर्जेचे कणही थोडंफार काम करून जातात. संवेदनेचं शिखर अशानं पुढे सरकतं. सगळीकडे मिळणाऱ्या जीएल-५५२८ या एलडीआरच्या माहितीपत्रकात ते ५४० नॅनोमीटरवर दिलेलं आहे. लालकडे जावं तसा आलेख उतरत जातो, ७०० च्या पुढे तळाला लागतो. निळ्याच्या बाजूलाही तो उतरतो, पण वेगळ्या कारणानं. निळ्या कणाकडे ऊर्जा मुबलक असते, पण तो थराच्या अगदी वरच्या पापुद्र्यातच शोषला जातो. तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच्या दोषांत लगेच पुन्हा अडकतात. म्हणजे एका बाजूला ऊर्जा कमी पडते, दुसऱ्या बाजूला ऊर्जा असून फुकट जाते. ‘उजेड पडला की बस्स’ या वाक्याला या आलेखात कुठेच जागा नाही.

आता तो ‘आम्ही लावून बघितलं’वाला प्रयोग. याच्यावर जरा थांबतो, कारण सगळा गैरसमज इथेच पोसला गेलेला आहे. प्रयोग साधारण असा असतो : ब्रेडबोर्डवर एलडीआर, समोर एलईडी, एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर, पाच व्होल्टचा पुरवठा. लाल लावला, मल्टिमीटर बघितला. लाल काढून त्याच जागी हिरवा लावला, पुन्हा बघितला. रेझिस्टर तोच, अंतर तेच, म्हणून तुलना न्याय्य.

ती न्याय्य नाही. लाल एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट पडतात, उरलेले तीन ३३० ओहमवर, म्हणजे प्रवाह झाला नऊ मिलिअँपिअर. आजच्या झगझगीत हिरव्यावर तीन व्होल्टच्या आसपास पडतात, उरतात दोन, प्रवाह सहा. रेझिस्टर तोच ठेवून तुम्ही हिरव्याची एक-तृतीयांश भाकरी आधीच काढून घेतलीत. हाच खेळ ३.३ व्होल्टच्या बोर्डावर केला तर हिरव्याला जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर मिळतात, लालला चार. मग लाल जिंकला यात नवल ते काय? समान ठेवायचा तो प्रवाह. त्यासाठी प्रत्येक रंगाला वेगळा रेझिस्टर लागतो, किंवा मालिकेत मिलिअँमीटर.

दुसरी गोम याहून मोठी आहे. ‘हिरवा एलईडी’ या नावाखाली दुकानात दोन पूर्ण वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक जुना, गॅलियम फॉस्फाइडचा. पोपटीकडे झुकणारा, ५६५-५७० नॅनोमीटरचा, बहुधा दुधाळ हिरव्या प्लास्टिकमधला, दोन व्होल्टला पेटणारा आणि मिणमिणता. दुसरा नवा, इंडियम गॅलियम नायट्राइडचा. ५२०-५२५ नॅनोमीटरचा, बहुधा काचेसारख्या स्वच्छ टोपीचा, तीन व्होल्ट मागणारा, डोळ्यांत घुसणारा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाऊन नुसतं ‘पाच एमएमचा हिरवा’ म्हणालात, तर यातला कुठला पुढ्यात येईल ते दुकानदाराच्या हाताशी कुठला डबा आहे त्यावर ठरतं. ‘वॉटर क्लिअर’ असं सांगून मागावं लागतं, आणि तरीही घरी येऊन पेटत्या एलईडीवरचं व्होल्टेज मोजून खात्री करावी, कारण टोपी फसवू शकते, व्होल्टेज सहसा फसवत नाही.

गंमत अशी की जुन्या हिरव्याची तरंगलांबी एलडीआरच्या शिखराजवळच आहे. रंग जवळपास जुळलेला आहे आणि तरीही तो आजच्या चांगल्या लालपुढे हरतो, कारण प्रकाशच फार थोडा देतो. यावरून ‘रंग जुळवण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं. प्रयोगानं एवढंच दाखवलं की जुनं रसायन नव्या रसायनापुढे दुबळं आहे. रंगाबद्दल त्यानं चकार शब्द काढलेला नाही.

हिरव्याची बाजू घेताना एक गोष्ट लपवणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल. वीज प्रकाशात बदलण्याच्या कामात हिरवे एलईडी लाल आणि निळ्या भावंडांच्या मागे आहेत. संशोधकांनी या अडचणीला ‘ग्रीन गॅप’ असं नावच देऊन ठेवलं आहे. नायट्राइडमध्ये इंडियम वाढवत हिरव्याकडे यावं तर स्फटिक बिघडत जातो, फॉस्फाइडच्या बाजूनं हिरव्याकडे यावं तर कार्यक्षमता घसरते. म्हणजे एलडीआरच्या बाजूनं हिरव्याला मिळणारा फायदा एलईडीच्या बाजूनं थोडा खाल्ला जातो. म्हणूनच जुळणी म्हणजे दोन आलेखांचा गुणाकार : एलईडी कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश देतो, आणि एलडीआर त्या तरंगलांबीला किती दाद देतो. पाकिटावरच्या रंगाच्या नावानं जुळणी होत नाही.

आणि हा गुणाकार केला की एक असा उमेदवार पुढे येतो, ज्याचं नाव दोन्ही पक्ष घेत नाहीत : पांढरा एलईडी. त्याच्या पोटात ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप असते आणि वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. हा फॉस्फर निळा प्रकाश गिळून ५५० च्या आसपास पसरलेला रुंद पिवळा-हिरवा डोंगर बाहेर टाकतो. तो डोंगर एलडीआरच्या शिखरावर जवळपास नेमका बसतो. निळ्या चिपची कार्यक्षमता आणि एलडीआरच्या आवडीचा रंग, दोन्ही एका टोपीखाली. समान प्रवाहाला सामान्य हिरव्यापेक्षा पांढराच बऱ्याचदा जास्त रोध उतरवतो. ‘माहितीपत्रकात ५४० लिहिलंय, म्हणजे हिरवाच’ असं पोपटासारखं म्हणणारी मंडळीही आहेत. त्यांनी आलेख वाचला, पण अर्धाच.

लेझरचा मुद्दा लवकर निकालात निघतो. खेळण्यातला लाल लेझर साधारण ६५० नॅनोमीटरचा असतो. डोळ्याच्या मोजमापानं या रंगाच्या एका वॉटचे जेमतेम ७३ ल्युमेन होतात, तर ५५५ नॅनोमीटरला ६८३. रंग म्हणून निवड वाईटच. पण एक मिलिवॉटचा झोत पाच मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात आला, की त्या ठिपक्यावर सुमारे ३,७०० लक्स पडतात. खोलीतला दिवा टेबलावर तीन-चारशे लक्स देतो. एवढ्या माऱ्यापुढे रंगाची उणीव झाकली जाणारच. लेझरचा अलार्म वाजतो तो झोत एकवटलेला असतो म्हणून. तेवढ्याच शक्तीचा हिरवा लेझर जास्त चांगला वाजेल. पण तसा घेऊ नका, कारण स्वस्तातल्या हिरव्या लेझरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटण्याची शक्यता असते आणि तो मुलांच्या डोळ्यांसाठी धोक्याचा. हे कारण मला पटतं. ‘रंगाला अर्थ नाही’ हे पटत नाही.

एलईडीच्या पाकिटावरच्या मिलिकँडेलाबाबतही असाच घोटाळा होतो. दहा हजार मिलिकँडेलाचा लाल विरुद्ध पाच हजारांचा पांढरा, म्हणून लाल दुप्पट, असं लोक धरून चालतात. मिलिकँडेला एका दिशेतली तीव्रता सांगतात. तोच प्रकाश अर्ध्या कोनात कोंबला की आकडा सुमारे चौपट होतो. एलईडी आणि एलडीआर एका काळ्या नळीत नाकाला नाक लावून बसवले असतील, तर एकूण किती प्रकाश बाहेर पडतो याला जास्त महत्त्व. कोनाचा आकडा तिथे फारसा उपयोगाचा नाही.

आता कारखान्यांचा दाखला. जुन्या एलडीआर-ऑप्टोकप्लरमध्ये, ज्यांना गिटार पेडल आणि सिंथेसायझर बनवणारे अजूनही ‘व्हॅक्ट्रॉल’ म्हणतात, अनेकदा लाल एलईडी असे, हे खरं. पण तेव्हा दुसरं होतं काय? निक होलोन्याक यांचा लाल एलईडी १९६२ चा. शुजी नाकामुरा यांचा झगझगीत निळा १९९३ चा, आणि त्याच रसायनातला तेजस्वी हिरवा त्यानंतर, १९९०च्या दशकाच्या मध्यावर. मधल्या तीस वर्षांत जो चांगला उजेड देतो तो एलईडी लालच. अभियंत्यानं निवड केली ती मांडणीवर असलेल्या मालातून. आणि त्यांनी रंगाकडे दुर्लक्ष केलं म्हणावं, तर तसंही नाही. एलडीआरच्या थरात सल्फाइड-सेलेनाइडचं प्रमाण बदलून त्याचं शिखर लालकडे ओढता येतं. निव्वळ कॅडमिअम सेलेनाइडचं शिखर तर ७०० नॅनोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे दिवा बदलता येत नसेल तर डोळा बदलायचा. जुळवाजुळव दुसऱ्या टोकाकडून झाली इतकंच. तो सेलेनाइडवाला एलडीआर तुमच्या डब्यात नाही. जीएल-५५२८ आहे.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचा लाडका टेलिट्रॉनिक्स एलए-२ए बघा, १९६०च्या दशकातला. आवाजाची पातळी आवरणाऱ्या या यंत्रात ‘टी-४’ नावाची डबी आहे. तिच्यात एलडीआरसमोर बल्ब नाही, विद्युत-प्रदीपन पटल आहे. त्या जातीच्या पटलांचा उजेड निळसर-हिरव्या बाजूचा असतो, कॅडमिअम सल्फाइडच्या पसंतीच्या पट्ट्यातला. कारखान्याचाच दाखला द्यायचा, तर मग हा का नको?

राहिला ढोबळपणाचा मुद्दा, ज्याला मी अर्धं तथ्य म्हणालो. जीएल-५५२८ चा १० लक्सला रोध १० ते २० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे एकाच पाकिटातल्या दोन नगांत दुपटीचा फरक मान्य आहे. शिवाय प्रकाश दुप्पट झाला म्हणून रोध निम्मा होत नाही. माहितीपत्रकातला गॅमा साधारण ०.७ धरला, तर दुप्पट प्रकाशाला रोध १.६ पटीनं उतरतो, चौपटीला २.६, दसपटीला पाच. रंग नीट निवडून एलडीआरच्या दृष्टीनं चौपट प्रकाश मिळवला, तरी मीटरवर अडीच पटीचाच बदल दिसेल, आणि तो नगानगातल्या फरकाच्या जवळ जातो. भरीला हा घटक आळशी. जीएल-५५२८ चढायला २० मिलिसेकंद घेतो आणि उतरायला ३०, तेही कागदावर. पूर्ण अंधारात परतायला त्याहून पुष्कळ जास्त. त्याला स्मरणही असतं. तासभर उजेडात ठेवलेला आणि तासभर अंधारात ठेवलेला नग एकाच दिव्याखाली वेगळे आकडे देतात. १९६४ मध्ये आलेल्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसह त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक कॅडमिअम सल्फाइडचे होते, कारण त्याचा कल डोळ्याच्या जवळचा. पुढे सिलिकॉननं त्याची जागा घेतली, त्यात या आळसाचा आणि स्मरणाचा वाटा मोठा.

सगळं मान्य. पण यातून निघतं ते इतकंच, की दोन वेगवेगळ्या नगांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. एका मंडलात एकच नग बसलेला असतो आणि त्याचा दुपटीचा घोळ एकदा प्रीसेट फिरवला की संपतो. प्रीसेट फिरवून वाया गेलेला प्रकाश परत येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात पांढरा एलईडी दोन मिलिअँपिअरमध्ये जे करेल, त्यासाठी चुकीच्या रंगाला कित्येक पट जास्त मोजावे लागतात, आणि ते दर सेकंदाला. घटक ढोबळ आहे म्हणून त्याला नीट खायला घालू नये, हा तर्क मला कधी कळलेला नाही.

आणि टोकाला जाऊन बघा. ‘कुठलाही’ म्हणणाऱ्यानं ९४० नॅनोमीटरचा अवरक्त एलईडी लावून दाखवावा, रिमोटमध्ये असतो तो. सिलिकॉनच्या फोटोट्रान्झिस्टरला तो दिवाळीसारखा दिसतो, एलडीआरला जवळजवळ दिसतच नाही. अदृश्य झोताचा अलार्म करायचा म्हणून अवरक्त एलईडी आणि एलडीआर अशी जोडी जमवून, एलडीआर ‘खराब निघाला’ म्हणत तो बदलत बसलेली मुलं दरवर्षीच्या विज्ञान प्रदर्शनांत भेटतात. त्यांना हे ‘कुठलाही चालतो’ कोणीतरी मोठ्या माणसानंच शिकवलेलं असतं.

खरं नुकसान होतं ते रंग ओळखणाऱ्या यंत्रात. शाळांमध्ये हा प्रकल्प आता फार दिसतो : लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी, मध्ये एक एलडीआर, वर काळं झाकण, खाली रंगीत कागद. तिन्ही एलईडी आळीपाळीनं पेटवायचे आणि परावर्तित प्रकाशावरून रंग ठरवायचा. इथे एलडीआरच्या पसंती-नापसंतीवरच सगळा डाव उभा आहे. तीन एलईडींना सारखेच रेझिस्टर लावले आणि तीन आकडे कच्चेच ताडले, तर नवा तेजस्वी हिरवा लावलेलं यंत्र जवळपास प्रत्येक कागदाला हिरवा म्हणतं, आणि जुना मिणमिणता हिरवा लावलेलं हिरव्या कागदालाही लाल ठरवतं. मुलं मग कोडमध्ये ‘हिरव्यातून १२० वजा करा’ असले ठोकताळे घालतात. करायचं ते असं : पांढरा कागद ठेवून तिन्हींचे आकडे टिपायचे, काळा ठेवून पुन्हा टिपायचे, आणि पुढचं प्रत्येक वाचन त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे पडतं ते काढायचं. रेझिस्टर बदलून पांढऱ्यावरचे तिन्ही आकडे आधीच जवळ आणले तर सोन्याहून पिवळं. एलडीआरच्या जोडीचा स्थिर रेझिस्टर दोन टोकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा घ्यावा. अंधारात २०० किलोओहम आणि उजेडात २ मिळत असतील तर २०. एलईडी पेटवल्यावर लगेच वाचू नये, शंभर-दीडशे मिलिसेकंद थांबावं, नाहीतर निळ्याच्या आकड्यात हिरव्याचं शेपूट येतं. परीक्षकांनी अशा प्रकल्पाला ‘किती रंग ओळखतं?’ विचारण्याऐवजी ‘पांढऱ्या कागदावर तीन आकडे किती येतात?’ एवढं विचारावं.

रंग जुळू नये हीच गरज असते अशीही एक जागा आहे, आणि तिथे ‘कुठलाही’वाले सगळ्यात जास्त गोत्यात येतात. अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्याच्या डबीत एलडीआर असतो, आणि ‘चालू आहे’ हे सांगायला शेजारीच एक इंडिकेटर. हौसेनं तिथे झगझगीत हिरवा किंवा पांढरा लावतात. संध्याकाळी रिले ओढला जातो, इंडिकेटर पेटतो, त्याचा उजेड डबीच्या भिंतीवरून एलडीआरवर येतो, रिले सुटतो, इंडिकेटर विझतो, आणि रिले पुन्हा ओढला जातो. डबी टकटक करत राहते. मग कपॅसिटर वाढवले जातात, ट्रान्झिस्टर बदलले जातात. तिथे ६६० नॅनोमीटरचा गडद लाल लावा, एक-दोन मिलिअँपिअरवर, आणि एलडीआरला काळी हीटश्रिंक नळी चढवा. मुख्य दिव्याचा पांढरा उजेड मात्र रंगानं टळणार नाही. त्यासाठी एलडीआरचं तोंड आकाशाकडे वळवावं लागेल आणि रिले ओढण्याच्या व सुटण्याच्या पातळ्यांत अंतर ठेवावं लागेल.